मायावती कोणत्या वारी मंदावली?

मी शहागडला भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. प्रवासाला निघताना लोक पर्समध्ये गोळ्या, चार्जर, सुपारी ठेवतात. मी एका ताऱ्याचं वेळापत्रक ठेवलं होतं, आणि त्याच्या आधारे एका माणसाला खोटं पाडायचं ठरवलं होतं. भांडण झालंच. फक्त ज्याच्याशी करायला गेले होते त्याच्याशी झालं नाही.

तारा म्हणजे मायावती, ययाती तारकासमूहातला. दर दोन दिवस आणि जवळजवळ एकवीस तासांनी तो मंदावतो, कारण तो एक नसून दोन तारे आहेत आणि त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जातो. पाच तास उतरण, पाच तास चढण, मग पुन्हा पूर्वीसारखा. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणारे शास्त्रज्ञही हेच करतात. समोरून काही गेलं की प्रकाश घटतो, तेवढी घट मोजायची. त्यांच्या दुर्बिणी अवकाशात असतात. आमच्या पुण्यातल्या हौशी मंडळाकडे नुसते डोळे आहेत. शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी तुलना करायची, 'याच्याइतका', 'त्याच्याहून किंचित कमी' असं तारीख-वेळ घालून लिहायचं आणि मंडळाला पाठवायचं. त्या नोंदी सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे. मी पदार्थविज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका. विद्यार्थी माझ्या मागे मला 'फटाका' म्हणत, तेव्हा स्वभावाबद्दल वेगळं लिहायला नको.

नऊ वर्षांपूर्वी अंबडच्या एका शाळेत आमचं शिबिर झालं होतं. मी पडद्यावर मायावती दाखवत होते तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "ही तर बसती ना मधूनमधून!" शाळेचे रात्रीचे राखणदार होते ते, लिंबाजी. लहानपणापासून मेंढरांमागे उघड्यावर झोपलेला माणूस. वाचता येत नव्हतं, पण हा तारा मंदावतो हे त्यांना ठाऊक होतं. मेंढरू बसतं तसा तारा बसतो, पुन्हा उठतो, असं ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी माझा स्वतःचा तारकानकाशा त्यांना देऊन टाकला. तेव्हापासून दर महिन्याला त्यांच्या सुनेच्या अक्षरात वहीची पानं येऊ लागली.

आणि गेल्या वर्षी आमच्या सचिवांनी संगणकावर सगळ्यांच्या नोंदी तपासल्या. लिंबाजींच्या संध्याकाळच्या नोंदी वेळापत्रकाशी तंतोतंत जुळत होत्या. पहाटेच्या मात्र साफ चुकीच्या होत्या, अगदी तारा पूर्ण तेजात असताना मंद असल्याच्या. सचिवांनी निकाल दिला की जुळतात त्या कुठल्या तरी पंचांगातून उतरवलेल्या आणि जुळत नाहीत त्या मनाच्या. "विश्वासार्ह नाहीत, यापुढे पाठवू नयेत," असं पत्र तयार झालं. खाली सही माझी.

तरी पानं येतच राहिली. थांबा म्हटल्यावरही माणूस थांबत नाही याचा मला विलक्षण राग आला, आणि ऑक्टोबरात आकाश निवळल्यावर मी बसमध्ये बसले.

शहागड, सोमवार दुपार

बसवाल्याने मला पुलाखाली न सोडता पुढे, भलत्याच बाजूला सोडलं. हायवे ओलांडायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. मालमोटारी थांबत नाहीत, आणि त्यांच्या ड्रायव्हरांना चोवीस तासांत एकदाही कुणाची म्हातारी आई आठवत नाही असं माझं मत झालं आहे. गोदावरी दोन्ही काठ भरून वाहत होती. पण मी नदीकडे नीट पाहिलंही नाही, कारण रस्ता ओलांडताना सँडलचा पट्टा तुटला होता.

लिंबाजींची वस्ती शहागड आणि अंकुशनगरच्या मधे, हायवेपासून आत. फाट्यावर रिक्षाने सोडलं आणि पुढे उसातली पायवाट. एक सँडल पायात, एक हातात, खांद्याला द्विनेत्री, असा माझा थाट. ऊस डोक्याच्या वर गेलेला. साखर कारखाना सुरू व्हायला अजून अवकाश होता. वाटेत एका बाईने थांबवून विचारलं, "कोणाकडं आल्या?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तारेवाल्याकडं? जा सरळ. पोत्याचा पडदा दिसंल."

पडदा खरंच होता. दोन वाशांना गोणपाटं शिवून बांधलेली, माणूसभर उंच. मला आधी वाटलं न्हाणीघर असेल. ते हायवेवरच्या ढाब्याचा उजेड अडवण्यासाठी होतं. पुण्यात आमच्या मंडळाने उजेडाच्या त्रासाबद्दल चार परिसंवाद घेतले आहेत. असा पडदा मात्र एकाही सभासदाच्या गच्चीत नाही.

वस्तीवर, सोमवार संध्याकाळ

लिंबाजी आता सत्तरीच्या पुढे गेलेत. राखणदारी सुटली, मेंढरं बारा उरलीत. मला पाहिल्यावर त्यांना जो हर्ष झाला तो पाहून मला अस्वस्थ वाटायला हवं होतं. मला आणखी राग आला. पत्र मिळालेला माणूस असा हसतो कसा?

"मॅडम, तुमी यायच्या तर फोन तरी करायचा! शोभा, पाणी आण जल्दी."

शोभा ही त्यांची सून. गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे, नवरा पुण्याकडे चाकणला कारखान्यात. सासऱ्यांना ती त्या भागातल्या रीतीप्रमाणे 'मामा' म्हणते, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ती पाणी घेऊन आली, मला ओळखलं, आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. चहा झाल्यावर म्हणाली, "मॅडम, मागं कोथिंबीर लावली, दावते चला."

कोथिंबीर नव्हतीच. गोठ्यामागे गेल्यावर ती वळली.

"ते पत्र म्या मामाला दावलं न्हाई."

"म्हणजे? इतके महिने त्यांना ठाऊकच नाही?"

"वाचून दावू कसं? 'विश्वासार्ह न्हाईत.' सरळ लिहायचं ना, खोटारडे हाव म्हणून! माणूस थंडीचा रातभर उघड्यावर बसू राह्यला नऊ वर्षं. त्याचं असं फळ?"

"तू आमच्याशी खोटं वागलीस, शोभा."

"मी? आन् तुमी? एक फोन केल्ता का? हे असं कामून झालं, इचारलं का एकदा?"

प्रश्न वर्मी लागला की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, उद्या सकाळी मीच सांगेन त्यांना, समोरासमोर, पुराव्यासकट. ती पाठ फिरवून निघून गेली. तिच्या राग करण्यात आवाज नव्हता, हे मला जास्त लागलं.

जेवायला येसराची आमटी आणि भाकरी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी पुण्याच्या आमटीसारखी गोडाकडे झुकत नाही, सरळ नाकातून पाणी काढते. शोभाने मला दोनदा वाढलं. तिथे पाहुण्यावर चिडलं तरी त्याच्या ताटावर राग काढत नाहीत. आमच्याकडे चिडलेल्या यजमानाकडे आमटी दुसऱ्यांदा मिळत नाही. जेवण झाल्यावर पाहते तर माझा सँडल शिवलेला. पोती शिवायच्या दाभणाने, जाड सुतळीने, उंबऱ्यावर बसून मामांनी तो केव्हाच शिवून ठेवला होता.

तीच रात्र

मी मुद्दाम ही रात्र निवडली होती. वेळापत्रकाप्रमाणे मायावती पहाटे पावणेचारला सर्वांत मंद होणार होती. मी मामांना ते सांगितलं नाही. माझा कागद वेगळा, त्यांचं सांगणं वेगळं. सापळाच होता तो, दुसरा शब्द नाही.

पडद्याआड दोन खाटा टाकल्या. अकरापर्यंत तारा पूर्ण तेजात होता. मामा पडल्या पडल्या म्हणाले, "आज उतरंल."

"कशावरून?"

"मागल्या खेपेला दिवस उगवतानी बसली असंल, ते जमलं न्हाई पाहायला. त्याच्या आदल्या खेपेला तर भर दिवसा. दर खेपेला तीन राती मोजायच्या अन् थोडं अलीकडं यायचं. पण सांगून काय उपयोग? पाहिल्याबिगर म्या लिहीत न्हाई."

मी मनात म्हटलं, पाहू. आणि माझ्या कागदावर दर अर्ध्या तासाने लाल विजेरीच्या उजेडात लिहीत राहिले. मामांकडे वेळ बोलून दाखवणारा फोन आहे. ते बटण दाबत, फोनमधली बाई वेळ सांगे, ते वर पाहत आणि डोळे मिटत. काही लिहीत नव्हते. एक वाजता ताऱ्याची उतरण डोळ्यांना जाणवू लागली. मी तीस वर्षं हा तारा शिकवला आहे, पण पुण्याच्या आकाशात तो धड दिसत नाही. इथे तो माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता, इतका हळू की आधी माझा विश्वासच बसेना. पावणेचारला मी लिहिलं की त्रिकोण तारकासमूहातल्या टोकाच्या ताऱ्याइतका.

"मामा, आता किती?"

"त्या तिकोन्यातल्या टोकाच्याबराबर. बिलकुल बराबर."

मंगळवार सकाळ

धपाटे आणि दही. शोभा वही घेऊन बसली, मामांनी रात्रीची सगळी निरीक्षणं तोंडपाठ सांगितली. मी माझा कागद समोर धरला. प्रत्येक ओळ जुळली. एका ठिकाणी त्यांची नोंद माझ्याहून बारीक होती. खोटं बोलणारा माणूस असा नसतो, हे मला धपाटा हातात असतानाच कळलं. पण मग त्या पहाटेच्या चुका कुठून आल्या? मी शोभाच्या वहीत डोकावले. तिने लिहिलं होतं, 'सोमवार, पहाटे पावणेचार', आणि पुढे सोमवारची तारीख.

"सोमवार नाही, मंगळवार," मी म्हटलं.

"सोमवारच की. काल रातीचं हाय ना?"

"अगं, रात्री बारा वाजता तारीख बदलते."

मामा हसले. मुलाने काही वेडगळ विचारलं की हसतात तसे.

"बारा वाजता काय बदलतं वो मॅडम? मेंढरं उठतात का? आमी शेतात मेंढरं बसवायचो, लेंडीखतासाठी. सोमवारी दिवस बुडतानी बसवली की तांबडं फुटंस्तवर ती सोमवारची बसवण. शेताचा धनी धान्य द्यायचा एका रातीचं. आता मधीच वार बदलला तर रात कोणाची म्हणायची? एका धन्याची की दोघाची? रात एकच हाय. तिला दोन वार कसे?"

"अंगणवाडीत मी तारीख बदलते की बराबर," शोभा म्हणाली. "पण हे मामाचं. ते सांगतात ती रात मी लिहिते. पहिल्या दिवसापासून असंच लिहू राह्यले."

मी धपाटा ताटात टाकला आणि पर्समधून नाकारलेल्या नोंदींचा छापील कागद काढला. पहिली नोंद, पहाटे चार. एक दिवस पुढे ढकलला. वेळापत्रकाशी जुळली. दुसरी, पहाटे साडेतीन. एक दिवस पुढे. जुळली. तिसरी, चौथी. दहाव्या नोंदीनंतर मी मोजणं सोडलं. मध्यरात्रीआधीच्या नोंदींना ढकलायची गरजच नव्हती, म्हणून त्या आपोआप जुळत होत्या, आणि त्या जुळतात हाच आम्ही त्यांच्यावर आरोप ठेवला होता!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ती का गेली ते वाचकांना नीट कळायला हवं, म्हणून सांगते. खगोलशास्त्रज्ञ स्वतःच तारीख मध्यरात्री बदलत नाहीत. रात्रभराचं निरीक्षण दोन तारखांत फुटू नये म्हणून त्यांचा दिवस भर दुपारी सुरू होतो, ग्रिनिचच्या दुपारी. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे मामांची मेंढरं शेतात बसायच्या सुमाराला! हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. परीक्षेत टीप म्हणून विचारलं, ज्यांना आलं नाही त्यांना नापास केलं. आणि जो माणूस कुणी न शिकवता नेमकं तसंच वागत होता त्याला आम्ही लबाड ठरवलं. पुण्यात पंख्याखाली बसून, उंटावरून शेळ्या हाकत. सचिवांच्या संगणकाला एक दिवसाचा फरक दिसला नाही, ठीक, यंत्रच ते. पण मला का दिसला नाही? कारण मी पाहिलंच नाही. मेंढरांमागे फिरलेला निरक्षर माणूस चुकलाच असणार, हे मी न बघता धरून चालले होते. मला माझीच इतकी चीड आली की तिथून उठून मी गोठ्यामागे जाऊन उभी राहिले.

शोभा मागून आली. मी म्हटलं, "चूक आमची झाली. माझी झाली. ते पत्र दे, मी परत नेते. फाडून टाकते."

"न्हाई," ती म्हणाली. "राहू द्या माझ्याकडं. तुमची सही हाय त्याच्यावर."

मामांना मी एवढंच सांगितलं की तुमच्या नोंदींचे वार वाचताना आमची गफलत झाली, ती मी सुधारणार. ते म्हणाले, बरं. ते फाट्यापर्यंत सोडायला आले. काळी-पिवळी जीप येईपर्यंत आम्ही मैलाच्या दगडापाशी उभे होतो.

"मॅडम, पत्र आल्तं ना तुमचं," ते अचानक म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"पोस्टमन माझ्याच हातात देऊन गेल्ता. त्याच्याकडूनच वाचून घेतलं. मंग पाकीट चिटकवून शोभाच्या अंगणवाडीच्या रजिस्टरावर ठेवलं. तिनं मला सांगितलं न्हाई, म्या तिला सांगितलं न्हाई. तिला वाईट वाटायचं."

"मग पाठवणं थांबवलं का नाही तुम्ही?"

"थांबलो असतो तर तुमचं खरं झालं असतं."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मला वाटलं, या माणसाने एकदा तरी मला शिव्या द्याव्यात. गाडी आली, त्यांनी माझी पिशवी आत ठेवली आणि सुतळीचा टाका पक्का आहे का म्हणून खाली वाकून माझ्या सँडलकडे पाहिलं.

पुणे

मंडळाच्या बैठकीत मी सगळं मांडलं. सचिव आधी हसले, मग आकडेमोड पाहिली, मग म्हणाले, "छान. घेऊ दुरुस्त करून. शेरा टाकू की निरीक्षकाच्या तारखांतील चूक मंडळाने सुधारली."

नाचता येईना अंगण वाकडं! मी टेबलावर हात आपटला तेव्हा चहाचे दोन कप लवंडले. मी म्हटलं, निरीक्षकाच्या तारखांत चूक नव्हतीच. आपण अर्जावर नुसतं 'दिनांक' छापलं, कोणाचा दिनांक ते विचारलं नाही. ते म्हणाले, पण बाहेरच्यांना पाठवायच्या यादीत मंडळाची चूक असं लिहायचं का, आपलं नाव काय राहील? मी म्हटलं, त्या माणसाच्या नावाचं काय झालं ते विचारलंत का? नोंदवही माझ्या ताब्यात असते, त्यामुळे मी तिथेच शेरा लिहिला: 'निरीक्षकाच्या तारखा योग्य होत्या. त्या वाचण्यात मंडळाची चूक झाली.' सचिव त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. साध्या शब्दांत, 'विश्वासार्ह' वगैरे न घालता. आम्ही तुम्हाला खोटं म्हटलं, खोटे आम्ही ठरलो, मला माफ करा, मोजणं थांबवू नका. पाकिटावर लिंबाजींचं नाव घातलं आणि शोभाला कळवलं की हे मामांना मोठ्याने वाचून दाखव.

या महिन्याच्या वहीच्या पानांसोबत तिचं उत्तर आलं. वाचून दाखवलं, मामांनी दोनदा वाचायला लावलं, असं तिने लिहिलंय. खाली आणखी एक ओळ आहे. 'पहिलं पत्र टाकलं नाही. दोन्ही एकाला एक टाचून वहीत ठेवली आहेत. दोन्हीवर तुमचीच सही आहे.'